बेभरवशाचं सस्टेन पेडल: दुरुस्तीच्या नोंदी

३ जुलै

दुरुस्तीला घेतलेली वस्तू: ६१ पट्ट्यांचा डिजिटल कीबोर्ड, मागे ६.३५ मिमीचा एकच पेडल जॅक. सोबतचं सस्टेन पेडल (दाबून ठेवलं की पट्टी सोडल्यावरही स्वर लांबत राहतो) पियानोच्या धाटणीचं, धातूच्या पात्याचं, केबल दोन मीटर, प्लग मोनो. म्हणजे आत फक्त चालू-बंद स्विच आहे. अर्धवट दाब ओळखणारी पेडलं वेगळी असतात. त्यांचा प्लग स्टिरिओ असतो आणि आत बहुधा १० किलोओहमचा पोटेन्शिओमीटर (कमी-जास्त करता येणारा रोध) असतो.

तक्रार तीन तऱ्हांची. पाय उचलला तरी स्वर रेंगाळत राहतात. कधी कीबोर्ड चालू केल्यापासूनच पेडल उलटं चालतं, म्हणजे दाबलं की स्वर तुटतात आणि सोडलं की लांबतात. कधी तास-तासभर सगळं सुरळीत. बंद करून पुन्हा चालू केलं की बहुतेक वेळा ताळ्यावर येतं, त्यामुळे आजवर सॉफ्टवेअरवर खापर फुटत आलं आहे.

पेडलला हात लावण्याआधी, बिघाड नसलेल्या गोष्टी बाजूला काढल्या. पॅनेलवरचं ‘सस्टेन’ बटण म्हणजे पेडल नव्हे. ते फक्त आवाजाचं शेपूट लांबवतं, स्वर एक-दोन सेकंदांत विरतोच. ते बंद केलं. रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमारा, तोही बंद, नाहीतर स्वर थांबला की नाही हे कानाला कळत नाही. ऑर्गनचा आवाज निवडला, कारण पियानोचा स्वर आपोआप विरतो आणि अडकलेला स्वर त्यात लपून जातो. ऑर्गनचा स्वर अडकला की अडकलाच.

आणखी एक फसवी तक्रार असते: पेडल दाबलेलं असताना जुने स्वर मध्येच गायब होणं. हा पेडलचा दोष नाही, पॉलिफनी, म्हणजे एका वेळी वाजू शकणाऱ्या स्वरांची मर्यादा, संपते. दोन आवाज एकत्र लावले असतील तर प्रत्येक पट्टीमागे किमान दोन जागा खर्च होतात. स्टिरिओ नमुन्यांत आणखी जास्त. इथे तसं काही नव्हतं.

४ जुलै

साखळीचे तीन तुकडे: पेडलमधला स्विच, केबल आणि प्लग, कीबोर्डचा जॅक आणि त्यामागचं सर्किट. आधी तिसरा तुकडा वेगळा काढायचा, कारण कीबोर्ड उघडणं सगळ्यात जिकिरीचं.

त्यासाठी नकली पेडल केलं. ६.३५ मिमीचा मोनो प्लग, टिप (प्लगचं टोक) आणि स्लीव्हला (त्यामागची दांडी) प्रत्येकी १५ सेंमी वायर, वायरींची टोकं सोललेली. टोकं जोडली म्हणजे स्विच बंद, म्हणजे सर्किट जुळलेलं; सोडली म्हणजे उघडा, सर्किट तुटलेलं. कीबोर्ड यूएसबीने संगणकाला जोडून मिडी मॉनिटर (कीबोर्डकडून येणारे संदेश दाखवणारा प्रोग्रॅम) लावला. त्यात सस्टेन म्हणजे कंट्रोल चेंज ६४, थोडक्यात सीसी ६४. किंमत ० ते ६३ असेल तर सोडलेलं, ६४ ते १२७ असेल तर दाबलेलं. स्विचवाल्या पेडलकडून ० आणि १२७ एवढंच येतं.

नकली पेडलने प्रत्येक जोडणीला एक आणि प्रत्येक तोडणीला एक, एवढेच संदेश आले. प्लग जॅकमध्ये फिरवला, वरखाली डोलवला, तरी एकही जादा संदेश नाही. जॅक आणि सर्किट निर्दोष. इथे जादा संदेश आले असते तर कीबोर्ड उघडून जॅकच्या पायांभोवतीचं सोल्डर भिंगाखाली बघावं लागलं असतं. प्लगला सतत धक्के बसून तिथे पायाभोवती गोल तडा जातो, दिसायला केसाएवढा.

जॅक मोकळा होताच, म्हणून मोजून ठेवलं. टिप आणि स्लीव्हमध्ये काहीच जोडलेलं नसताना ३.३ व्होल्ट. मिलिअँपिअरच्या रेंजवर मीटर थेट टिप-स्लीव्हमध्ये धरला तर ०.३३ मिलिअँपिअर. म्हणजे आत १० किलोओहमचा पुल-अप (टिपला ३.३ व्होल्टशी जोडणारा रोध) आहे. स्विचमधून वाहणारा प्रवाह एवढासाच. हा आकडा पुढे लागणार आहे.

५ जुलै

पेडल कोणत्या जातीचं ते आधी ठरवलं. कीबोर्डमधून काढून प्लगवर मीटर: पाय नसताना बझर वाजतो, म्हणजे सर्किट जुळलेलं; दाबलं की थांबतो. म्हणजे नॉर्मली क्लोज्ड. दुसरी जात याच्या उलट, नॉर्मली ओपन. बाजारात दोन्ही आहेत आणि उत्पादकांत एकवाक्यता नाही. म्हणून बरेच कीबोर्ड चालू होताना पेडलची स्थिती वाचतात आणि त्या क्षणी जे दिसेल त्याला ‘पाय नाही’ असं समजतात. हा कीबोर्डही तसाच. मेनूत पोलॅरिटीचा, म्हणजे पेडलची जात निवडण्याचा, पर्याय नाही.

आता तक्रारींचा उलगडा कागदावरच होतो.

नॉर्मली क्लोज्ड पेडलची केबल आत तुटकी आहे असं धरू. वाजवताना ती क्षणभर सुटली, तर सर्किट उघडतं. कीबोर्डच्या लेखी उघडं म्हणजे दाबलेलं. स्वर रेंगाळले. ही पहिली तक्रार. कीबोर्ड चालू करताना नेमकी ती सुटलेली असली, तर कीबोर्डला उघडं सर्किट दिसतं आणि हे नॉर्मली ओपन पेडल आहे अशी त्याची समजूत होते. मग वायर पुन्हा टेकली की बंद सर्किट म्हणजे ‘दाबलं’, आणि पाय खरोखर दाबला की ‘सोडलं’. पेडल उलटं. ही दुसरी. बंद-चालू केल्यावर वायर टेकलेली असली तर सगळं ठीक. ही तिसरी. तीन तक्रारींना एकच तुटकी तार पुरते.

याच तर्काने दुसऱ्या जातीचं पेडल तपासता येतं. नॉर्मली ओपन पेडलमध्ये केबल सुटली किंवा काँटॅक्ट मळला की सस्टेन लागतच नाही, स्वर मध्येच तुटतात. तिथे स्वर अडकत असतील तर शॉर्ट शोधायचा: प्लगच्या आत शील्डचा, म्हणजे केबलच्या बाहेरच्या तांब्याच्या जाळीचा, एखादा केस टिपला टेकलेला असतो. नॉर्मली क्लोज्डमध्ये शॉर्ट झाला तर सस्टेन लागणार नाही. लक्षण कोणत्या दिशेचं आहे ते आधी पाहावं, मग मीटर उचलावा. उलट क्रमाने केलं की अर्धा दिवस जातो.

चालू करताना पाय पेडलवर असला तरी हाच घोळ होतो, आणि पेडल मागाहून जोडलं तरी होऊ शकतो. दोन्ही शक्यता आधीच वगळल्या: पेडल जोडून, पाय लांब ठेवून, मगच स्विच ऑन.

६ जुलै

केबल. बझरवर भरवसा नाही. स्वस्त मीटरचा बझर मंद असतो, काही मिलिसेकंदांची तूट त्याला कळतच नाही. त्याऐवजी ९ व्होल्टची बॅटरी, १ किलोओहमचा रेझिस्टर, लाल एलईडी आणि पेडल, सगळं सिरीजमध्ये. प्रवाह सुमारे ७ मिलिअँपिअर. दिवा लुकलुकला की डोळ्याला लगेच दिसतो.

केबल चार बोटांच्या टप्प्यांनी दोन्ही हातांत धरून वाकवत गेलो. मधल्या भागात दिवा स्थिर. प्लगच्या बुडाशी स्थिर. पेडलच्या मागच्या रबरी बुच्यापाशी, केबल डावीकडे वाकवली की दिवा जातो, सरळ केली की येतो. केबल तुटण्याच्या ठरलेल्या दोनच जागा, प्लगचं बूड आणि हे बुच. पेडल गुंडाळून ठेवताना केबल पेडलभोवती घट्ट आवळली की सगळा पीळ बुच्याच्या तोंडाशी येतो.

७ जुलै

पेडल उघडलं. खालचं रबर कडेने उचललं, त्याखाली चार स्क्रू. तळ काढताना पातं हाताने दाबून धरायचं, कारण स्प्रिंग ताणलेली असते आणि मोकळी झाली की खोलीच्या कोपऱ्यात जाऊन पडते. स्प्रिंगचं कोणतं टोक कुठे होतं त्याचा फोटो आधी.

आत: मायक्रोस्विच (जरा दाबला की झटक्यात पलटणारा छोटा स्विच), त्याच्या पट्टीवर पात्याचं टोक येतं. केबलच्या दोन वायरी कॉमन (सामाईक) आणि एनसी (नॉर्मली क्लोज्ड) या पायांवर. तिसरा पाय, एनओ (नॉर्मली ओपन), मोकळा.

बुच्यापासून आत-बाहेर मिळून ५ सेंमी केबल कापून टाकली. कापलेला तुकडा उभा चिरून पाहिला: आतल्या वायरीचे तांब्याचे केस तुटलेले, फक्त प्लास्टिकचं आवरण त्यांना समोरासमोर धरून होतं. टोकं काळपट. नव्या टोकाचं बाहेरचं आवरण २५ मिमी काढलं, आतल्या वायरी ५ मिमी सोलल्या, पीळ देऊन आधी सोल्डर चढवलं. सोल्डर ६०/४०, सोल्डरिंग आयर्न ३५० अंशांवर, पायावर दोन-तीन सेकंद. जास्त वेळ धरलं तर मायक्रोस्विचचा पाय प्लास्टिकमध्ये हलतो आणि आतली जुळणी बिघडते. वायर घालण्याआधी हीट-श्रिंक नळी (तापवली की आवळणारी) सरकवून ठेवायची.

बुचं पुन्हा वापरलं, पण त्याच्या आतल्या बाजूला केबलवर छोटा केबल-टाय घट्ट आवळला. ओढ बसली तर टाय बुच्यावर अडतो, सोल्डरपर्यंत पोचत नाही. गाठ मारूनही हेच साधतं, पण या पेडलमध्ये गाठीला जागा नाही.

दिव्याची चाचणी: केबल कशीही वाकवली तरी स्थिर.

८ जुलै

उलटं चालणं थांबलं. स्वर रेंगाळणं थांबलेलं नाही, फक्त कमी झालं आहे.

मिडी मॉनिटरमधला एक तुकडा, वेळ मिलिसेकंदांत:

० : सीसी ६४ = १२७ (पेडल दाबलं)
८१२ : सीसी ६४ = ० (सोडलं)
८१९ : सीसी ६४ = १२७
९४० : सीसी ६४ = ०

पाय एकदाच सोडला, कीबोर्डला पेडल दोनदा सुटलेलं दिसलं. स्विचचे काँटॅक्ट टेकताना थरथरतात हे खरं, पण ती थरथर काही मिलिसेकंदांची असते आणि कीबोर्डचं सॉफ्टवेअर ती गाळतं. इथे १२१ मिलिसेकंद सर्किट उघडं राहिलं. ही थरथर नव्हे.

आणखी एक खूण. पाय पेडलवर नुसता टेकवून ठेवला, म्हणजे स्विच पलटणार नाही इतकाच हलका भार दिला, तरी मधूनच १२७ येतं. पाय पूर्ण उचलला की येत नाही. वाजवणारे पाय पेडलवर टेकवूनच बसतात, त्यामुळे ही खूण महत्त्वाची.

आणि गंमत म्हणजे बॅटरी-दिव्याच्या चाचणीत हाच स्विच निर्दोष दिसतो.

१० जुलै

दिवा खोटं का बोलतो, हे आजचं काम.

पेडल कीबोर्डला जोडलेलंच ठेवून, टिप-स्लीव्हवरचा व्होल्टेज मोजला. पाय नसताना तो जवळजवळ शून्य हवा. पेडल अगदी सावकाश दाबत आणि सोडत गेल्यावर, स्विच पलटण्याच्या अलीकडे, आकडा उड्या मारतो: ०.०२, ०.४, १.१, १.९, परत ०.१. म्हणजे काँटॅक्ट बंद आहे, पण त्यात रोध आहे आणि तो स्थिर नाही.

कीबोर्ड किती रोध चालवून घेतो ते पाहण्यासाठी नकली पेडलच्या वायरींना ५० किलोओहमचा पोटेन्शिओमीटर लावून हळूहळू फिरवला. सुमारे ८ किलोओहमच्या वर गेलं की १२७, परत ६ च्या खाली आलं की ०. १.९ व्होल्ट म्हणजे हिशोबाने साडेतेरा किलोओहमच्या आसपास. सीमारेषेच्या बऱ्याच पलीकडे.

कारण काँटॅक्टच्या धातूत आहे. मायक्रोस्विच १५ अँपिअर, २५० व्होल्ट असं छापलेलं, चांदीच्या काँटॅक्टचं. असा स्विच मोठ्या प्रवाहासाठी असतो. चांदीवर हवेतल्या गंधकाने काळपट सल्फाइडचा थर बसतो. मोठ्या प्रवाहात ठिणगीने आणि उष्णतेने तो थर दर वेळी फुटतो, काँटॅक्ट स्वतःला साफ ठेवतो. ३.३ व्होल्ट आणि ०.३३ मिलिअँपिअरला ते जमत नाही. माझ्या चाचणीतले ९ व्होल्ट मात्र थराला पुरून उरतात, म्हणून दिवा पेटतो. त्या चाचणीनंतर काही वेळ पेडल कीबोर्डवरही नीट चालतं, ते याचमुळे. पेडल ‘आपोआप बरं झालं’ की ते या जातीचं दुखणं आहे असं समजावं.

पाय टेकवल्यावरच का, याचंही उत्तर याच स्विचमध्ये आहे. मायक्रोस्विचमधली स्प्रिंगची पट्टी झटक्यात पलटते, पण पलटण्याच्या अगदी आधी एनसी काँटॅक्टवरचा दाब उतरत उतरत जवळपास शून्यावर येतो. काँटॅक्ट स्वच्छ असेल तर काही बिघडत नाही. थर बसलेला असेल तर दाब उतरला की रोध चढतो. टेकवलेला पाय स्विचला नेमका त्याच जागी धरून ठेवतो.

११ जुलै

साफसफाईचा प्रयोग. मायक्रोस्विच उघडता येत नाही, उघडला तर परत जुळत नाही. स्विचच्या दाबल्या जाणाऱ्या छोट्या दांड्याच्या फटीतून काँटॅक्ट क्लीनरचे दोन थेंब, मग बराच वेळ खटखट. घरगुती गंजरोधक तेलाचा फवारा इथे चालत नाही: त्याचा थर मागे राहतो आणि धूळ धरतो.

व्होल्टेज ०.०५ च्या खाली आला. पण कारण जागच्या जागी आहे, थर पुन्हा बसणार. स्विच बदलायचा.

ज्या पेडलांत मायक्रोस्विचऐवजी रबरी बटण आणि सर्किट बोर्डवर कार्बनचे ठिपके असतात, तिथे मात्र साफसफाईच खरी दुरुस्ती आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोल, ९९ टक्क्यांचं, कापसाच्या काडीने, दोन्ही बाजूंना, आणि पूर्ण वाळू द्यायचं. पॉलिश पेपर नको, कार्बन निघून जातो. अशा काँटॅक्टचा रोध शंभर-दोनशे ओहम असला तरी तो दोष नव्हे.

१४ जुलै

नवा मायक्रोस्विच: सोन्याचा मुलामा दिलेले काँटॅक्ट, ०.१ अँपिअर. नेहमीचाच आकार, २७.८ × १५.९ × १०.३ मिमी, भोकं तिरपी, पट्टीची लांबी जुन्याएवढी. खरेदी करताना मोठ्या अँपिअरचा म्हणजे मजबूत असं समजू नये. इथे लहान आकडाच हवा. उलट, हा स्विच कधी दिव्याबिव्याच्या मोठ्या भारावर तपासू नये, सोनं जळून जातं आणि खाली उरते तीच चांदी.

बसवताना वेळ गेला तो उंचीत. स्विच पलटल्यावर दांड्याने थोडं पुढे जायला हवं, पण तळाला टेकता कामा नये. टेकला तर सगळ्या पायाचा भार स्विचच्या प्लास्टिकवर येतो. स्विचखाली ०.५ मिमीचा फायबर वॉशर घातला. आता पात्याची एकूण हालचाल १२ मिमी, पलटण्याची जागा साधारण ५ मिमीवर, आणि पातं रबरी थांब्याला टेकतं तेव्हा दांड्याला अजून थोडी मोकळीक उरते. पट्टी वाकवून हे जुळवणं सोपं वाटतं, पण वाकवलेली पट्टी महिन्याभरात बसते आणि पुन्हा तेच.

स्क्रू हलक्या हाताने. जास्त आवळला तर स्विचचं कवच पिचतं आणि दांडा आत अडकतो. मग स्वर असा अडकतो की सगळं निदान नव्याने करावं लागतं.

वायरी पुन्हा कॉमन आणि एनसीवर. एनओवर लावली असती तरी कीबोर्डने चालू होताना जुळवून घेतलं असतं, आणि एक फायदाही होता: पुढे केबल तुटली तर स्वर अडकण्याऐवजी नुसतं सस्टेन गेलं असतं, मैफलीत ते परवडतं. पण हेच पेडल दुसऱ्या, पोलॅरिटी न ओळखणाऱ्या कीबोर्डलाही लागतं आणि तो एनसीच मागतो. दोन्ही सोयी हव्या असतील तर तळाला छोटा सरकता स्विच बसवून कॉमनसोबत एनसी की एनओ ते निवडता येतं. ही भर घातली नाही. एक जादा स्विच म्हणजे मळायला आणखी एक काँटॅक्ट.

१५ जुलै

सावकाश दाबण्याची चाचणी, तीच मोजणी: पलटण्याच्या क्षणापर्यंत ०.०१ व्होल्टच्या खाली, मग थेट ३.३. मधला एकही आकडा दिसत नाही. पाय टेकवून ठेवला तरी संदेश नाही.

१७ जुलै

लांब चाचणी. मेट्रोनोम मिनिटाला ६० ठोक्यांवर, एका ठोक्याला दाबायचं, पुढच्याला सोडायचं. १० मिनिटांत ३०० दाब, म्हणून नोंदीत १२७ बरोबर ३०० आणि ० बरोबर ३०० हवेत. दोन्ही आकडे जुळले. नंतर हीच चाचणी केबल बुच्यापाशी वाकडी धरून, मग प्लग जॅकमध्ये डोलवत. जुळले.

चालू-बंद चाचणीही केली: दर वेळी बंद केल्यावर दहा सेकंद थांबून, पेडल जोडलेलं, पाय लांब. उलटी पोलॅरिटी एकदाही आली नाही.

१९ जुलै

शिल्लक काम. नव्या स्विचचा ‘टक’ आवाज जुन्यापेक्षा मोठा आहे, पेडल लाकडी फळीवर ठेवलं की मायक्रोफोनमध्ये येतो. पात्याच्या टोकाला, जिथे ते स्विचच्या पट्टीवर येतं तिथे, १ मिमी फेल्ट चिकटवलं. पलटण्याची जागा ५ वरून ४ मिमीवर आली, म्हणून खालचा वॉशर काढून टाकला आणि मोकळीक पुन्हा तपासली. तळाचं जुनं रबर कडक होऊन पेडल घसरत होतं. त्यावर अल्कोहोल फिरवून उपयोग झाला नाही, नवं २ मिमीचं रबर कापून लावलं. स्क्रूंच्या जागी भोकं ठेवली आहेत, पुढच्या वेळी रबर न उचलता तळ निघेल.